ट्रॅमच्या आड

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही लेकीला घेऊन ॲम्स्टरडॅमच्या आर्टिस प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. दुपार कलल्यावर पाऊस भुरभुरू लागला, म्हणून परत निघालो. प्लांटाज मिडनलान हा तिथला रुंद, दुतर्फा झाडांचा रस्ता. फुटपाथवर ओल्या पानांचा चिखल झाला होता. लेकीच्या हातातला एक मोजा खाली पडला. तो उचलायला मी वाकले, आणि तेवढ्यात ती तिच्या बाबाचा हात धरून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी उठून पाहते तो मध्ये ट्रॅम उभी. दारे उघडल्याचा आवाज झाला, काही माणसे उतरली, घंटा वाजली आणि ती लांबलचक ट्रॅम संथपणे पुढे सरकू लागली. तिच्या काचांवर पावसाचे ओघळ होते आणि काचांपलीकडचे काहीच स्पष्ट दिसत नव्हते. ट्रॅम निघून गेली तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर कोणीही नव्हते.

काळजात धस्स झाले. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचाही नसेल. पावसाची सर वाढली म्हणून ते दोघे समोरच्या एका जुन्या, पांढऱ्या इमारतीच्या दारात आडोशाला उभे राहिले होते. लेक मला पाहून हात हलवत होती. जिवात जीव आला, मी रस्ता ओलांडला, तिच्या हातात मोजा घातला आणि तो थंड हात नेहमीपेक्षा जरा जास्त घट्ट धरला. नवऱ्याला यातले काहीच कळले नव्हते. त्याला मी सांगितलेही नाही, कारण सांगण्यासारखे काही घडले नव्हते. पण घरी येईपर्यंत ती ट्रॅम माझ्या डोळ्यांपुढून हलेना. लेक ज्या दारात उभी होती, त्या दारावरची अक्षरे मी येता येता वाचली होती. होलांडसे स्खाउबुर्ख. हे नाव मी आधी कुठेतरी ऐकले होते, पण कुठे, ते आठवत नव्हते.

रात्री आठवले.

ते एक नाट्यगृह होते. जर्मनांनी देश ताब्यात घेतल्यावर १९४१ मध्ये तिथे फक्त ज्यू कलाकारांनी ज्यू प्रेक्षकांसाठी खेळ करावेत असा हुकूम निघाला आणि १९४२ च्या उन्हाळ्यापासून तर खेळच बंद झाले. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांचे कोंडवाड्यात रूपांतर झाले. शहरातून पकडून आणलेल्या ज्यू कुटुंबांना इथे ठेवायचे, नोंद करायची, मग रात्री बाहेर काढून वेस्टरबोर्कच्या छावणीकडे रवाना करायचे आणि तिथून पुढे पोलंडकडे, असा तो क्रम होता. आत माणसे इतकी दाटली आणि लहान मुलांच्या रडण्याचा त्रास पहारेकऱ्यांना इतका होऊ लागला, की मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवायचे ठरले. ते पाळणाघर पूर्वीपासून तिथे होतेच. कामावर जाणाऱ्या आयांची मुले सांभाळण्यासाठी ते होते आणि १९२६ पासून हेन्रिएट पिमेंटेल नावाच्या ज्यू बाई ते चालवत होत्या. मी मोजा उचलायला जिथे वाकले होते, ती बाजू पाळणाघराची. लेक जिथे आडोशाला उभी राहिली, ती बाजू नाट्यगृहाची. मध्ये रूळ.

पाळणाघराला लागून एक अध्यापक विद्यालय होते, आपल्याकडच्या डी.एड. कॉलेजसारखे. त्याचे मुख्याध्यापक योहान फान हुल्स्ट. १९४३ मध्ये त्यांचे वय बत्तीस. दोन्ही इमारतींच्या मागच्या बागा एकमेकींना भिडलेल्या होत्या आणि मध्ये फक्त एक झुडपांचे कुंपण होते. पाळणाघरात जागा पुरेना, तेव्हा पिमेंटेल बाईंनी शेजाऱ्यांकडे दुपारी मुलांना निजवण्यासाठी एखादी खोली मागितली, आणि फान हुल्स्ट यांनी एक वर्ग रिकामा करून दिला. या साऱ्याची सुरुवात इतकी घरगुती आहे, याचे मला फार वाटते. पुढे सुमारे ६०० मुलांचे प्राण ज्या वाटेने वाचले, तिचे पहिले पाऊल म्हणजे दुपारच्या झोपेसाठी दिलेली खोली.

कुंपणावरून मूल पलीकडे द्यायचे. पलीकडे फान हुल्स्ट किंवा त्यांचे विद्यार्थी ते घेत. मग विद्यालयाच्या वर्गात लपवून, संधी साधून, कपड्यांच्या टोपलीत, पाठीवरच्या पिशवीत, पोत्यात घालून त्याला बाहेर काढायचे. पाळणाघराच्या पुढच्या दारानेही मुले गेली, आणि इथे ती ट्रॅम येते. त्या वेळी या रस्त्याने नऊ नंबरची ट्रॅम जात असे. समोर नाट्यगृहाच्या दारात जर्मन पहारा होता. ट्रॅम येऊन मध्ये उभी राहिली की पहारेकऱ्याला पाळणाघराचे दार दिसत नसे. तेवढ्यात एखादी तरुण परिचारिका किंवा विद्यार्थिनी मूल घेऊन बाहेर पडे आणि ट्रॅमच्या बरोबरीने, तिच्या आडोशाने, पुढच्या कोपऱ्यापर्यंत झपझप चालत जाई. कधी त्याच ट्रॅममध्ये चढे. ट्रॅममधल्या प्रवाशांना हे दिसत असे. दिसत असूनही ते गप्प राहत, असे तिथे काम केलेल्यांनी पुढे सांगितले आहे.

माझ्यासाठी जी ट्रॅम अर्धा मिनिट भिंत झाली होती, तीच त्या मुलींसाठी पदर झाली होती. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही केले नाही. शेजारच्या खोलीत लेक झोपली होती, तिच्या पांघरुणाची सळसळ ऐकत बसून राहिले.

मूल बाहेर काढणे हे निम्मेच काम होते. प्रत्येक मुलाची नोंद नाट्यगृहाच्या कार्डांवर होती, आणि ज्या दिवशी कुटुंबाला रवाना करायचे, त्या दिवशी मोजणी करून मुले आईवडिलांच्या हवाली केली जात. एक मूल कमी भरले तर कोणाचा तरी जीव जाणार. म्हणून कार्डच नाहीसे व्हायला हवे होते. ते काम वाल्टर झ्युस्किंड करत. हे मूळचे जर्मनीतले ज्यू गृहस्थ. जर्मनांनी नेमलेल्या ज्यू मंडळाच्या वतीने नाट्यगृहाची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि जर्मन अधिकाऱ्यांशी हसूनखेळून बोलण्याचे विलक्षण धैर्य त्यांच्यापाशी होते. ते आणि त्यांचे सहकारी फेलिक्स हाल्व्हरस्टाट नोंदींत फेरफार करत, कार्डे गहाळ करत. कागदावर मूल उरले नाही की ते शोधायला कोणी येत नसे.

इथे मला आईची आठवण आली. माझी आई साताऱ्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिक्षिका होती. आमच्या घरात ‘पट’ हा शब्द देवाच्या नावाइतक्यांदा उच्चारला जाई. पटावर नाव आहे, पटसंख्या घसरली, पटावरून नाव कमी केले. सातवीतली एखादी मुलगी चार दिवस दिसली नाही तर आई संध्याकाळी चपला पायात सरकवून तिच्या घरी जाई, तिच्या वडिलांशी हुज्जत घाले आणि परत आल्यावर चहा पिताना म्हणे, “नाव कमी करू दिलं नाही मी.” पटावरून नाव कमी होणे म्हणजे त्या मुलीचे आयुष्य एका कोपऱ्यात ढकलले जाणे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आणि या रस्त्यावर, त्या वर्षी, नाव कमी होणे हाच जगण्याचा एकमेव मार्ग होता. जे मूल पटावर राहिले ते गेले. १९४३ च्या मार्च ते जुलै या काळात वेस्टरबोर्कहून १९ गाड्या पोलंडमधल्या सोबिबोरच्या मृत्युछावणीला गेल्या आणि त्यांत ३४,३१३ माणसे होती, हा आकडा इतका नेमका सांगता येतो, कारण प्रत्येकाचे नाव यादीत नीट लिहिलेले होते.

आईवडिलांना विचारल्याशिवाय मूल हलवत नसत. पाळणाघरातल्या तरुण मुली, ज्या स्वतःही ज्यूच होत्या आणि ज्यांचाही दिवस कधीतरी येणार होता, त्या नाट्यगृहात जात आणि हळू आवाजात आईला विचारत: तुम्ही जाल तेव्हा बाळ इथेच ठेवाल का? कुठे जाईल ते सांगता येणार नाही. कोणाकडे राहील तेही नाही. विचार करायला फार वेळ नसे. आपल्याकडे मूल कोणाच्या स्वाधीन करताना ‘तुमच्या ओटीत घातले’ असे म्हणतात. पण ती ओटी दिसत असते, त्या बाईचा चेहरा, तिचे घर, तिचा हात आपल्याला माहीत असतो. इथे न दिसणाऱ्या ओटीत मूल घालायचे होते. अनेकांनी नकार दिला. कुटुंब एकत्र राहिले तर निभावून नेऊ, मूल आपल्याजवळ असले म्हणजे त्याला निदान आपला हात तरी लाभेल, असे त्यांना वाटले. मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिले की मी काय म्हणाले असते. प्रत्येक वेळी माझे उत्तर ‘नाही’ असेच येते. आज सगळे ठाऊक असूनही येते. ज्या आयांनी ‘हो’ म्हटले, त्यांतल्या काहींना जाताना कपड्यात गुंडाळलेली बाहुली दिली जाई, म्हणजे पहारेकऱ्याला कडेवर बाळ आहे असे वाटावे. ती बाहुली घेऊन बाई ट्रॅममध्ये चढे. या एका गोष्टीपुढे मला काही सुचत नाही.

डच भाषेत अशा लपून राहण्याला ‘ओंडरडाउकन’ म्हणतात. शब्दशः अर्थ खाली बुडी मारणे. आपल्याकडेही माणूस नाहीसा झाला की त्याने बुडी मारली असे म्हणतात, म्हणून हा शब्द मला पहिल्यांदा ऐकल्यापासून ओळखीचा वाटला. माझ्या आजीच्या तोंडी मात्र दुसरा शब्द असे, भूमिगत. १९४२ नंतरच्या पत्री सरकारच्या दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून भूमिगत कार्यकर्त्यांना भाकरी आणि रात्रीचा आसरा मिळाला. आजीच्या माहेरीही असे कोणी येऊन गेल्याचे ती सांगे, आणि सांगताना इतक्या वर्षांनंतरही तिचा आवाज खाली येई. तीच साले, १९४२, १९४३. पण आजीच्या गोष्टीतली माणसे मोठी होती. आपण का लपलो आहोत हे त्यांना कळत होते, हूं की चूं न करता ती माळ्यावर बसून राहू शकत होती. सव्वा वर्षाच्या मुलाला गप्प कसे ठेवायचे? तीन वर्षांच्या मुलीला तिचे स्वतःचे नाव कसे विसरायला लावायचे? लपणाऱ्यालाच लपणे कळत नसेल, तर त्याच्या वाटचे सगळे भय लपवणाऱ्याने भोगायचे असते.

फान हुल्स्ट यांच्या त्या भयाचा एक प्रसंग मला विशेष जवळचा वाटतो. १९४३ च्या जूनमध्ये विद्यालयात परीक्षा चालू होत्या आणि त्यांवर देखरेख करायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. शेजारच्या वर्गातून बाळांचे रडणे ऐकू आले. बाईंनी विचारले, ही ज्यू मुले आहेत का? फान हुल्स्ट काही क्षण थांबले आणि म्हणाले, याचे उत्तर मी द्यावे अशी तुमची खरोखर अपेक्षा नाही ना? शांतता पसरली. मग त्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, देवाच्या नावाने सांगते, जपून राहा. आपल्याकडे तपासणीला साहेब येणार म्हटले की शाळेत काय अवस्था होते, हे मी आईच्या चेहऱ्यावर पाहिलेले आहे. तशा दिवशी, शेजारच्या वर्गात जीव लपवलेला असताना, शब्द न अडखळता असे उत्तर देणे म्हणजे काय, याची मला थोडी तरी कल्पना येते. त्या बाई म्हणजे खेझिना फान डेर मोलेन. त्या स्वतःच प्रतिकारचळवळीत होत्या आणि त्या दिवसापासून त्यांच्या गटाने इथली मुले खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचवायचे काम अंगावर घेतले.

असे गट आणखीही होते. उट्रेख्टच्या विद्यार्थ्यांचा एक, ॲम्स्टरडॅमच्या विद्यार्थ्यांचा एक, आणि दक्षिणेकडे लिम्बुर्खच्या खाणकामगारांच्या वस्त्यांत मुले नेऊन ठेवणारा आणखी एक. या मुलांच्या पोटापाण्यासाठी पैसा लागे. उट्रेख्टच्या मुलांनी गोळीने उडवलेल्या अठरा माणसांवरची एक कविता छापली आणि पाच गिल्डरला एक याप्रमाणे चोरून विकली. त्या धडपडीतून उभी राहिलेली प्रकाशनसंस्था आजही पुस्तके काढते. विशीतली ही पोरे होती. आमच्या इमारतीतली त्या वयाची मुले सायकलवर पिझ्झा पोहोचवतात, हसत जिना उतरतात. त्यांच्याकडे पाहताना आता मला उगाच वाटते, सायकलच्या मागच्या आसनावर कोणाचे तरी मूल आहे.

फान डेर मोलेन बाईंची गोष्ट मात्र तिथे संपत नाही, आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. युद्ध संपल्यावर लपवलेल्या मुलांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी सरकारने आयोग नेमला, त्याच्या अध्यक्ष याच बाई झाल्या. ज्या मुलांचे आईवडील परत आले नाहीत, त्यांना उरल्यासुरल्या ज्यू नातेवाइकांकडे आणि त्यांच्या समाजाकडे द्यावे, की ज्यांनी जीव धोक्यात घालून वाढवले त्या ख्रिस्ती घरांतच राहू द्यावे, यावरून कडवट वाद झाला. बाईंचा कल दुसऱ्या बाजूकडे होता. सर्वस्व गमावलेल्या समाजाने उरलेली मुले तरी आमची आम्हाला द्या म्हणावे, आणि ज्यांनी ती वाचवली त्यांनीच हात आखडता घ्यावा, हे वाचताना मला फार यातना झाल्या. पण तीन वर्षे जिला आई म्हटले तिच्या पदराला धरून रडणारे पाच वर्षांचे पोरही मला दिसत होते. बाईंनी त्या दिवशी जो हात हातात घेतला, तो मला लहान वाटत नाही. पुढे त्यांनी जे केले ते मला पटत नाही. या दोन गोष्टींची वजाबाकी मला करता येत नाही, आणि करूही नये असे वाटते.

१९४३ च्या जुलैमध्ये पिमेंटेल बाईंना पकडून नेले. सप्टेंबरात आउशवित्झमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या जागी फिरी कोहेन ही तरुण परिचारिका आली. २९ सप्टेंबर १९४३ रोजी पाळणाघर रिकामे करण्याचा हुकूम झाला. उरलेली सगळी मुले, ऐंशी, नव्वद, कदाचित शंभर, आता जाणार होती. फान हुल्स्ट यांना निरोप गेला: तुम्हाला नेता येतील तेवढी आत्ता न्या. किती न्यायची हा हिशेब निष्ठुर होता. फार नेली तर उघडकीस येणार, मग नेलेलीही जाणार आणि नेणाऱ्यांसह ती सगळी साखळी तुटणार. समोर मुले उभी होती. त्यांतून निवडायचे होते.

त्यांनी बारा मुले घेतली.

पुढे ते प्राध्यापक झाले, देशाच्या वरिष्ठ सभागृहाचे अनेक वर्षे सदस्य होते, १९७२ मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या होलोकॉस्ट स्मारक संस्थेने त्यांचा गौरव केला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये १०७ वर्षांचे होऊन ते गेले. इतक्या दीर्घ आयुष्यात त्यांना लोकांनी सहाशे मुलांबद्दल विचारले आणि ते मात्र उरलेल्यांबद्दल बोलत राहिले. तो आपल्या आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस होता, असे ते सांगत. मागे सोडलेली मुले मरणार हे ठाऊक असताना आपण बारा घेतली, आणि नंतर स्वतःला विचारत राहिलो, तेरा का नाही?

या प्रश्नाने मला अनेक दिवस छळले. त्याला उत्तर नाही म्हणून नव्हे. उत्तर आहे, आणि ते वर दिलेच आहे: तेराव्याने बाराही धोक्यात आले असते. पंचाहत्तर वर्षे त्यांनाही ते उत्तर ठाऊक असणारच. ते ठाऊक असूनही रोज तो प्रश्न जवळ बाळगणे, स्वतःला माफी न देणे, त्या तेराव्या मुलाला आपल्या हिशेबातून वजा न होऊ देणे, हे मला कुंपणावरून मुले घेण्याइतकेच मोठे वाटते. ज्यांनी ती मुले मारली, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना असा प्रश्न पडला असेल. बोच लागली ती ज्याने वाचवले त्याला.

ट्रॅमबद्दलही मला आणखी एक गोष्ट कळली. ज्या ट्रॅमने पदर धरला, त्याच शहराच्या ट्रॅमनी रात्री माणसे स्टेशनांकडे वाहून नेली. त्यासाठी खास गाड्या सोडल्या जात आणि त्यांची बिले जर्मनांना पाठवली जात. ८० गिल्डरचे एक शेवटचे बिल थकले होते, ते वसूल करण्याचा प्रयत्न युद्ध संपल्यावरही चालू होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये शहराच्या महापौरांनी शहराने त्या काळात केलेल्या वर्तनाबद्दल माफी मागितली. रूळ तेच, घंटा तीच, कदाचित चालकही तोच. सकाळी त्याने पाळणाघरासमोर गाडी दोन क्षण जास्त थांबवली असेल आणि रात्री तीच गाडी स्टेशनाकडे हाकली असेल. मला त्या माणसाबद्दल काही ठरवता आलेले नाही.

डिसेंबरात मी एकटीच तिथे पुन्हा गेले. पाळणाघराची मूळ इमारत आता नाही. विद्यालयाची आहे, तिथे २०२४ च्या मार्चपासून राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे. आत इतर वस्तूंबरोबर सोबिबोरच्या मातीतून निघालेली दहा बटणे ठेवली आहेत. कोणाच्या तरी आईने ती कधीतरी दोरा ओवून सदऱ्याला लावली असतील, सुटली तेव्हा पुन्हा लावली असतील. समोरच्या नाट्यगृहात भिंतीवर आडनावे कोरलेली आहेत, ६,७०० आडनावे. या देशातून नेलेल्या १,०७,००० ज्यूंपैकी सुमारे पाच हजार परतले, बाकी सर्वांची ही आडनावे. मी ती वाचत गेले. एकेका आडनावामागे किती मुले, हे तिथे लिहिलेले नाही.

त्या संध्याकाळी आईला फोन केला आणि हे सगळे सांगितले. आई आता निवृत्त आहे, तिचे गुडघे दुखतात, पण ऐकणे अजून वर्गातल्यासारखे, मध्ये न बोलता. माझे संपले तेव्हा ती म्हणाली, “आपल्या सज्जनगडच्या सहलीत एक पोरगं कमी भरलं होतं, तुला आठवतं का गं?” मला आठवत होते. मी चौथीत होते. गड उतरून सगळे एसटीत बसले आणि आई प्रत्येक बाकापाशी थांबून डोक्याला हात लावत मोजू लागली. एकेचाळीस यायला हवे होते, चाळीसच आले. तिने पुन्हा मोजले. कंडक्टर घाई करत होता. तिसऱ्यांदा न मोजताच ती खाली उतरली आणि पायऱ्यांच्या दिशेने अक्षरशः धावत सुटली. शेवटी ते पोर एसटीतच सापडले, सगळ्यांत मागच्या बाकाखाली दप्तर उशाशी घेऊन गाढ झोपलेले. आई परत आली तेव्हा तिची साडी घोट्यापर्यंत चिखलाने माखली होती. तिने त्याला उठवले नाही. साताऱ्यापर्यंत ती त्याच्या शेजारी खालीच बसून आली.

“चाळीस आल्यावर मला लगेच कळलं होतं, कोण नाही ते,” आई म्हणाली. “आकडा चुकला की आधी चेहराच दिसतो बघ.” मग ती थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही. “त्या सरांना तेरावा कोण, ते ठाऊक असेल ना गं?”

मी काही बोलू शकले नाही. मला इतके दिवस तो प्रश्न ‘तेरा का नाही’ असा दिसत होता, एका आकड्यासारखा. आईने विचारेपर्यंत त्या आकड्याला चेहरा असेल, कदाचित घसरलेला मोजा असेल, समोरून हलणारा हात असेल, हे माझ्या मनात आले नव्हते. फान हुल्स्ट त्या मुलांसमोर उभे होते. त्यांनी पाहिले होते.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा आर्टिसला गेलो, लेकीचा हट्ट होता. येताना ऊन होते, झाडांना पालवी फुटायची होती. प्लांटाज मिडनलानवर थांब्याजवळ येताच लेकीने विचारले, “आपण पलीकडे जायचं का?” मी म्हटले, जरा थांब, ही ट्रॅम जाऊ दे. चौदा नंबर आली, नऊ नंबर केव्हाच बंद झाली आहे. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि समोरचे नाट्यगृह दिसेनासे झाले. लेकीने माझे बोट धरले होते, दुसऱ्या हाताने बाबाचे. या वेळी आम्ही तिघे रस्त्याच्या एकाच बाजूला होतो.